वहीतले सात गोल

माझी बायको गया गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी मिळून जे शेवटचं काम केलं ते एवढंच, की ती हातपेटी वाजवत होती अन मी तिची वही धरून बसलो होतो. पंखा लावला की वहीची पानं उडायची अन पंखा बंद केला की घामानं तिची बोटं बटणांवरून सटकायची. म्हणून रोज जेवणं झाली की मी तिच्यासमोर मांडी घालून वही दोन्ही हातांनी उभी धरायचो, शाळेत पोरगं मास्तरला पाटी दाखवतं तशी. त्या दिवशी माझ्या मनगटावर माशी बसली, मी हात झटकला अन ओळ हलली. वाजवणं न थांबवता ती म्हणाली, "हात हलवू नका." त्यानंतर चहा झाला, शेंगा फोडल्या, म्हशीला पेंड घातली. ती आणखी पुष्कळ काही बोलली असंल. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली अन गेवराईच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच जीपमधी माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. आता आठवायला बसलो तर तेवढंच आठवतं... हात हलवू नका.

मी आसराजी, उमापूरचा. तिसरीतून शाळा सुटली. लिहिण्यात चुका होतील, त्या छापणाऱ्यांनी सुधाराव्या, पण मजकूर सुधारू नये. बायको गेल्यावर माणसं तिचे गुण लिहितात. मीबी तेच लिहायला बसलोय, पण तिचे गुण सांगताना माझं एक वाईट काम मधी येतं. ते मी शमुवेल मास्तरांच्या बाबतीत केलं, तिच्या हातून केलं, अन तिला कवाच सांगितलं न्हाई. आता ती न्हाई, मास्तर अजून हायेत.

आमच्याकडं नवरा-बायको ऊस तोडायला जातात तवा त्या दोघांना मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत न्हाई, कोयते मोजतो. मी तोडायचो, गया मोळी बांधायची. सव्वीस वर्षं दिवाळीच्या सुमाराला ट्रकवर बसायचं अन ऊन तापायला लागलं की परत यायचं. सव्वीस वर्षांत आम्ही दोघं एक दिवस वेगळे राहिलो न्हाई. उसाच्या फडावरच ती बाळंतीण झाली तवा कोपीच्या, म्हणजे आमच्या पाचटाच्या झोपडीच्या, बाहेर पाणी तापवायलाबी मीच होतो. भांडलो तरी एकाच सरीत उभं राहून भांडायचो. त्यामुळं माझं असं झालं होतं की गया म्हणजे माझाच एक हात. तिला तिचं स्वतःचं वेगळं काही असंल, हे डोक्यात कवा आलंच न्हाई. मग गुडघे गेले, कोयता खाली ठेवला, लेकीचं लग्न होऊन ती बीडला गेली अन आम्ही दोघंच घरात राहिलो. तवा गावातल्या बायकांच्या गटानं शाळेच्या ओसरीवर अक्षरं शिकवायचा वर्ग काढला, अन गया म्हणाली, मी जाणार.

शिकवायला शमुवेल मास्तर. आमच्याच शाळेतून निवृत्त झालेले, ख्रिस्ती माणूस, बायको लवकर वारलेली, मूलबाळ न्हाई. शाळेमागच्या एका खोलीत राहायचे, अजून तिथंच राहतात. त्यांना तवा नुकताच लकवा मारून गेला होता. उजवा हात लुळा, जीभ जड. बोलायचे ते एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं, सुरात काही म्हणणं तर सोडाच. पण डाव्या हातानं फळ्यावर अक्षरं काढायचे, वाकडीतिकडी, अन बायका ती तशीच वाकडी गिरवायच्या.

ह्या मास्तरांकडं त्यांच्या बापाचं एक वाजवायचं खोकं होतं. सहा कोपऱ्यांचं, दोन हातांत मावणारं, मधी कातडी भाता. मास्तर त्याला कॉन्सर्टिना म्हणायचे, गाव हातपेटी म्हणायचं. डाव्या अंगाला पाच बटणं, उजव्या अंगाला पाच. अन त्याची खोड अशी की एकच बटण भाता दाबताना एक सूर देतं अन ओढताना दुसराच. बाप कुठल्या तरी मिशनच्या प्रार्थनेला ते वाजवायचा, त्याच्यानंतर मास्तर पंधरा ऑगस्टला शाळेत वाजवायचे. लकव्यानंतर ते कोपऱ्यात पडून होतं. एक दिवस मास्तरांनी वर्गातल्या बायकांचे हात बघितले अन गयाला म्हणाले, बाई, तुझं मनगट मजबूत आहे, भाता एकसारखा ओढायला असंच मनगट लागतं. हे ती घरी येऊन सांगत होती तवा मी भाकरी खात होतो. घास तोंडात तसाच राहिला. सव्वीस वर्षं मोळ्या आवळून झालेलं ते मनगट. मी ते रोज बघत होतो अन मोळीच्या पलीकडं मला त्यात काही दिसलं नव्हतं. त्या माणसानं एका दुपारी ओळखलं.

मास्तरांनी कागदाचे बारीक तुकडे चिकटवून बटणांना अक्षरं दिली. डाव्या हाताला क ख ग घ च, उजव्या हाताला ट ठ ड ढ त. वहीत तीच अक्षरं लिहायची. नुसतं अक्षर असलं की ते बटण धरून भाता दाबायचा. अक्षराभोवती गोल असला की ओढायचा. पुढं आडवी रेघ असली की सूर धरून ठेवायचा, रेघ जेवढी लांब तेवढा. एवढंच सगळं शास्त्र. मास्तरांना गाता येत नव्हतं, वाजवता येत नव्हतं, म्हणून जे काही त्यांच्या डोक्यात होतं ते कागदावरूनच गयाकडं यायचं. त्यामुळं तिचं शिकणं बाकीच्या बायकांपेक्षा उलटंच झालं. बाकीच्या बायका क वरून कमळ शिकल्या. गयाला क दिसला की तिची डावी करंगळी हलायची. एसटीच्या पाटीवर गेवराई वाचताना तिची बोटं पदराखाली चालायची. मी बघायचो अन मला वाटायचं, ही बाई माझ्याशेजारी उभी हाय पण हितं न्हाई.

खोटं कावून लिहू, मी जळत होतो. रोज दुपारी तासभर ती शाळेमागं जायची. लोकांना काय, निमित्तच पाहिजे. एक दिवस न्हाव्याच्या दुकानात किसन म्हणाला, "का बे आसऱ्या, आर्धा कोयता शाळात घातला का?" सगळे हसले. मीबी हसलो, अन घरी येऊन ताट आपटलं. मग एकदा हापशावर पाणी प्यायच्या निमित्तानं मी तिकडं गेलतो. मास्तर खाटेवर, गया खाली चटईवर, अन मास्तर वाकून आपल्या डाव्या हातानं तिचं बोट धरून बटणावर ठेवत होते. ते एवढंच होतं. पण मी पाणी न पिताच परत आलो. संध्याकाळी तिला म्हणलो, "लई हात धरतो गं तुझा मास्तर." ती चुलीपुढून उठलीबी न्हाई. म्हणाली, "त्यांचा एक हात मेलाय, अन दुसऱ्यानं ते मला आक्षर दाखवतेत. तुमचे दोन्ही जिते हायेत, कवा धरलाय का?"

ज्याला उत्तर नसतं तो माणूस मनात काहीतरी शिजवत बसतो.

दोन वर्षं अशी गेली. गया चांगली वाजवायला लागली. गावात कुणाच्या बारशाला, शाळेच्या झेंड्याला तिला बोलवायचे. मग गेवराईला बायकांच्या गटांचा मेळावा ठरला, त्यात उमापूरच्या गटाकडून गया वाजवणार असं झालं. मेळाव्याच्या दोन दिवस आधी ती मास्तरांकडून आली ती वही छातीशी धरूनच. तिचा चेहरा असा मी लग्नातबी बघितला नव्हता. म्हणाली, मास्तरांनी नवी चाल लिहून दिलीय. त्यांच्या बापानं स्वतः बसवलेली. बाप गेल्यावर ती मास्तरांनी एकट्यानं खोलीत वाजवली, कुणाला शिकवली न्हाई, कुणाला ऐकवली न्हाई. लकवा झाल्यापासून ती नुसती त्यांच्या डोक्यात होती. अडीच पानं लिहायला त्यांना पंधरा दिवस लागले. "कुणालाच दिली न्हाई," ती म्हणाली, "मला दिली."

ती दळण आणायला गेली तवा मी वही काढली. वाईट काम करायला फार अक्कल लागत न्हाई. मला अक्षरं लावता येत होती, गोल म्हणजे काय ते ती रोज बडबडायची त्यावरून ठाऊक होतं, अन वहीतल्यासारख्याच निळ्या शाईचं पेन कोनाड्यात होतं. मी सात अक्षरांना गोल केले. कुठली निवडली? कुठलीच न्हाई. जिथं मोकळी जागा दिसली तिथं. दाबायच्या जागी ओढलं जाईल, सूर फाटंल, चार बायकांत तिचं हसं होईल अन ती हातपेटी मास्तरांच्या दारात ठेवून येईल, एवढाच माझा हिशेब. पेन कोनाड्यात ठेवलं, हात धुतले. हात कावून धुतले ते मला माहीत न्हाई, शाई लागली नव्हती.

मेळाव्याला मी गेलो. मागं, पुरुष उभे होते तिथं. मास्तरांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. गया वर गेली, वही स्टुलावर ठेवली, पदर खोचला अन सुरू झाली. मी हसण्याची वाट बघत होतो. पहिला गोल गेला. दुसरा गेला. कुणी हसलं न्हाई. हसणार कोण, ती चाल आधी ऐकली होती कुणी? बायकांना वाटलं हे असंच हाय. गयालाबी वाटलं हे असंच हाय, तिनं कागद बघून जसंच्या तसं वाजवलं, एक बोट चुकलं न्हाई. टाळ्या पडल्या. त्या सगळ्या मंडपात एकट्या मास्तरांना कळलं. मी त्यांच्याकडं बघितलं तवा त्यांचा डावा हात वर उठला होता, पुढं चाललेली गाडी थांबवायला उठतो तसा. मग तो हात त्यांनी खाली घेतला, मांडीवर ठेवला अन त्या हाताकडंच बघत राहिले.

कार्यक्रम झाल्यावर गया त्यांच्याकडं धावत गेली. बरोबर आलं का मास्तर, म्हणाली. त्यांनी वही मागितली. डोळ्याजवळ धरली. मी दहा हातांवर उभा होतो. पण त्यांना ओळखू येणार कसं? माझा हात अडाणी, त्यांचा डावा हात नवखा. दोघांचे गोल सारखेच वाकडे. बराच वेळ बघून त्यांनी वही मिटली अन म्हणाले, "लिहिलंय तसंच वाजवलंस, बाई."

त्यानंतर मास्तरांनी वहीत एक अक्षर लिहिलं न्हाई. गयाला म्हणाले, आता डोक्यातलं पुसायला लागलंय, बापाचीच चाल मला नीट लिहिता आली नाही तर बाकीचं काय लिहू. हातपेटीबी त्यांनी तिलाच देऊन टाकली. ती रडत घरी आली. मी तंबाखू मळत होतो. मला गार वाटलं. आज लिहायला लाज वाटते, पण तवा वाटलं ते गारच.

पण डाव माझ्यावरच उलटला. गया परत मिळाली ती मास्तरांचं खोकं घेऊन. आधी तासभर ती घराबाहेर असायची, आता तासभर मास्तर माझ्या घरात. रोज जेवण झालं की हातपेटी निघायची अन बाकीच्या चाली सोडून ती हीच वाजवायची. मास्तरांनी दिलेली शेवटची म्हणून. बारा वर्षं. पहिल्या वर्षी मी उठून बाहेर जायचो. माझे गोल आले की कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारल्यासारखं व्हायचं. ती घरात नसताना मीबी हातपेटी काढून बघितली, म्हणलं त्यात असं काय हाय. माझं एक बोट दोन बटणं दाबायचं, म्हैस रेकल्यासारखा आवाज यायचा. ती आली की विचारायची, भाता उलटा कुणी मिटला? मी म्हणायचो, मांजर बसलं आसंल. ती म्हणायची, आपल्या मांजराला तंबाखूचा वास येतो व्हय.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून मी बाहेर जायचं बंद केलं. मग पंखा आला, पानं उडायला लागली अन वही धरायचं काम माझ्याकडं आलं. वहीची पाठ माझ्याकडं असायची, तरी कोणता गोल कवा येणार ते मला ऐकून कळायला लागलं. चाल वर चढत जायची अन माझ्या पहिल्या गोलापाशी मधीच वळायची, बांधावरून गाडी उतरताना एक चाक आधी खाली जातं तशी. मी त्या वळणाची वाट बघायला लागलो. मनात म्हणायचो, बाकी सगळं मास्तरांच्या बापाचं, पण ह्या सात जागा माझ्या हायेत. हिला ठाऊक न्हाई, पण ही रोज सात जागा माझ्या वाजवते... ऊस तोडणाऱ्या माणसानं दुसऱ्याच्या चालीत घुसून एवढी जागा धरली, ह्याचा मला चोरटा आनंद व्हायला लागला.

चौथ्या गोलाला गया डोळे मिटायची. दरवेळी. एकदा मी तिला विचारलं, हितं डोळे कावून मिटतेस? ती भाता तसाच अर्धा ओढलेला धरून थांबली. म्हणाली, "ही जागा लई भारी हाय. सगळी चाल सरळ चाललीय, अन हितं मास्तरांच्या बापाला कुणाची तरी याद आली आसंल. त्याबिगर आसं कोण वळतंय?"

आता बघा. ती जागा माझी. तिला आवडलेली एवढी एक जागा आख्ख्या चालीत, अन ती मी केलेली, अन तिचं कौतुक मिळालं मास्तरांच्या बापाला, मरून चाळीस वर्षं झालेल्या माणसाला. मी त्या मेलेल्या माणसावर जळलो. ओठावर आलं होतं, अगं ती जागा माझी हाय. पण सांगितलं असतं तर ती जागा तिनं परत वाजवली असती का? अन कावून केलं ते सांगावं लागलं असतं. मी म्हणलो, वाजव, चहाला उशीर होतोय. तिनं परत डोळे मिटले.

मास्तर कवातरी काठी टेकत आमच्या ओट्यावर येऊन बसायचे. गया त्यांना तीच चाल ऐकवायची. सुरवातीला माझे गोल आले की त्यांची मान हलायची, खडा लागल्यासारखी. पुढं पुढं हलायची थांबली. मला वाटलं त्यांनी मनावर घेणं सोडलं. तसं नव्हतं, ते मला आता कळलं.

गयाचा तेरावा झाल्यावर चार दिवसांनी मास्तर रिक्षा करून आले. त्यांना आता चालवत न्हाई. ओट्यावर बसले, पाणी घेतलं. त्यांना बोलायला वेळ लागतो. त्यांनी एकेक शब्द उचलून सांगितलं ते असं, की आसराजी, आता बापाची चाल मला आठवतच नाही. लिहिली तेव्हा डोक्यात स्वच्छ होती, निदान मला तसं वाटत होतं. बारा वर्षं गयाबाईची ऐकली, आता डोळे मिटले की तीच येते. मूळची कशी होती ते पुसून गेलं. मग म्हणाले, "वही जपून ठेवा. एकदा मला बघायची आहे... मी कुठं चुकलो ते."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मी त्यांना हाताला धरून रिक्षात बसवून दिलं.

संध्याकाळभर ती वही पुढं घेऊन बसलो होतो. चुकलेलं कुठंच नव्हतं. अडीच पानांत त्या माणसानं एक अक्षर चुकवलं नव्हतं. बापाची चाल तिथंच होती, माझ्या सात गोलांच्या खाली जितीच्या जिती, अन ते सात कोणते हे सांगणारा जगात मी एकटाच. उद्या मला काही झालं तर ती चालबी गेली. पण दुसरी बाजू बघा. गोल काढले तर गयाची चाल मोडली. गया जी वाजवायची ती तिच्या मास्तरांचीबी न्हाई अन मास्तरांच्या बापाचीबी न्हाई. ती फकस्त आम्हा दोघांची होती, माझी चोरी अन तिचं मनगट. सव्वीस वर्षं ऊस तोडून आम्ही दोघांनी मिळून केलेली अशी दुसरी वस्तू घरात न्हाई. अन तीच मी उचलून त्यांना कावून द्यायची? बारा वर्षं ज्याच्यावर जळलो त्याला?

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी एक दुरेघी वही आणली. ओट्यावर बसून ती चाल उतरवून काढली, गया वाजवायची तशी, सातही गोलांसकट. तिसरीनंतर एवढं मी कवा लिहिलं नव्हतं. क काढायचा, रेघ ओढायची, गोल करायचा, परत मूळ वहीत बोट ठेवून जागा शोधायची. ऊन ओट्यावरून आत आलं तवा शेवटचं अक्षर झालं. ती वही घडी घालून बंडीच्या खिशात कोंबली अन मास्तरांची वही घेऊन शाळेमागं गेलो.

मास्तर खाटेवर बसले होते. बसा म्हणाले, मी बसलो न्हाई. वही त्यांच्या मांडीवर उघडली अन बोट ठेवत गेलो. म्हणलो, "हा गोल माझा. हा माझा. हाबी माझाच." असे सात. आधी त्यांना कळलंच न्हाई. मग त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं, अन विचारलं, "का?"

"जळत होतो," मी म्हणलो. "तुमी तिला बापाची चाल दिली. माझ्याकडं द्यायला काय होतं?"

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. काठी तिथंच टेकलेली होती, मी सरकलो नसतो. पण त्यांना माझ्यासाठी वेळच नव्हता. त्यांनी उशाखालून पेन्सिल काढली, मला परत एकेक करून दाखवायला लावलं अन सातही गोलांवर बारीक फुली मारली. मग वही जवळ ओढली अन पहिल्या अक्षरापासून बोट फिरवत निघाले. क, घ, गोलातला घ, रेघ. ओठ हलत होते, आवाज न्हाई. चौथ्या फुलीपाशी ते थांबले. दोन ओळी मागं गेले, परत तिथवर आले. तिसऱ्यांदा आले तवा त्यांनी डोळे मिटले, अन बोट कागदावरून उचललं तरी मांडीवर चालत राहिलं, तालात. तोंडाची डावी बाजू हसायला लागली, उजवीला ते कळत नव्हतं. मी विचारलं, आली का? त्यांनी डोळे न उघडता हो म्हणून मान डोलावली.

मी दारात उभा होतो. खोलीत काही आवाज नव्हता. त्यांचा बाप कागदावरून उठून त्यांच्या कानात येऊन बसला होता. माझ्या खिशात माझी गया होती, क ख ग घ मधी, सात गोलांसकट, मीच माझ्या हातानं लिहिलेली. पण मला अक्षर वाचता येतं, सूर वाचता येत न्हाई. बारा वर्षं मी त्या माणसावर जळलो, पण त्या सकाळी मास्तरांचा जेवढा हेवा वाटला तेवढा कवाच वाटला नव्हता.